संत्रं

किल्ली घे, इद्रिस.
सर्व्हिसचं पुस्तक समोरच्या खणात आहे,
मागच्या डाव्या टायरची हवा उतरते, दर चार दिवसांनी बघत जा.
खणात आणखीही एक गोष्ट आहे,
ती शेवटी सांगतो.

हैमा सोडलं की थुमरैतपर्यंत
रस्ता म्हणजे आखलेली रेघ.
वळण नाही, झाड नाही,
नुसत्या पाट्या: तीनशे. दोनशे साठ.
पहिला आठवडा मी तिच्यावर नजर ठेवून होतो,
नव्या क्लीनरवर ठेवावी तशी.
पाय ब्रेकवर अधांतरी, पोटऱ्यांना गोळे.
ट्रक दिसला की ती हळू व्हायची, माझ्याही आधी.
दुसऱ्या आठवड्यात पाय खाली टेकवला.
तिसऱ्यात चपला काढल्या.
विश्वास दार वाजवून येत नाही रे,
चपला काढून आत येतो.

दर पंधरा सेकंदांनी ती विचारते: हात?
लावला की गप्प.
मग पुन्हा: हात?
कॅम्पमधले सगळे करतात तेच मी केलं,
जाळीच्या पिशवीत एक संत्रं घालून
स्टिअरिंगला डावीकडे बांधलं.
वजन लागलं की तिला वाटतं, माणूस आहे.
शंभर बैसांचं फळ
माझ्या हातांच्या जागी नोकरीला,
आणि मी बसलो जावयासारखा
माझ्याच गाडीत.

दादकरीम नावाचा बलुच होता.
सत्त्याण्णव साली पाण्याच्या टँकरवर
त्याने मला हा रस्ता शिकवला.
म्हणायचा, वाळूकडे काय बघतोस, वाळूची कड बघ,
वाळू रात्री चालते.
मी हसायचो.

मार्चमधली रात्र.
मागे दोन इंजिनिअर, तोंडं उघडी टाकून झोपलेले.
वारा जमिनीलगत, गुडघ्याएवढा.
मी डोळे उघडे ठेवून झोपलो होतो.
ते जमतं, शिकावं लागत नाही.
वाळूची एक जीभ तिरपी रस्त्यावर आली होती,
कड फिकट, सरळ,
काल रंगवलेल्या पट्टीसारखी.
तिने ती पट्टी मानली
आणि वळायला लागली,
हळू,
इतकं हळू की भरलेला पेला हिंदकळला नसता.
सूचना नाही, घंटी नाही.
तिच्या हिशोबाने सगळं ठीक चाललं होतं.

जाळी जुनी होती. तुटली.
संत्रं मांडीवर पडलं, गारठलेलं,
कुणी चापट मारावी तसं.

वर बघितलं तर काचेत
पाइपलाइनचा पिवळा खांब, मोठा होत जाणारा.
ब्रेक मी मारला. अनवाणी पायाने.
इंजिनिअर जागे झाले, विचारलं, पोचलो?
म्हटलं, लघवीला थांबलोय.

बाहेर उभं राहून मी ते संत्रं सोललं.
आतून चिपाड, नुसत्या बिया.
तीन आठवडे उन्हात
गाडी चालवत होतं बिचारं.

आता तुला वाटेल, हा म्हणणार
त्या रात्रीपासून मी बदललो.
थुमरैत अजून एकशे चाळीस होतं.
वीस किलोमीटर मी स्वतः चालवली
आणि माझ्या लक्षात आलं, मी वाकडी चालवतोय.
पट्टीला घासून आत, परत घासून आत.
सव्वीस वर्षं चालवणारे हात
काही महिन्यांत विसरले होते.
मागून एकजण म्हणाला, अंकल, ऑटोवर टाका ना.

टाकली.
ती म्हणाली: हात?
लावले. दोन्ही. पंधरा सेकंद नव्हे, थुमरैतपर्यंत.
पण ती रात्र झाली.
कालचं विचारशील तर
सांगायला मला लाज वाटते.

खणात नवी जाळी आहे.
मी विकत घेतली, वापरली नाही,
फेकलीही नाही.
टायरची हवा मात्र विसरू नको.